जाईबाईच्या नावाची मशीनगन

पडदा वर जातो तो खडखडत. मखमलीचा नव्हे, पत्र्याचा. टेक्सासातल्या अर्विंगमधल्या एका विटांच्या घराचं हे गॅरेज, आणि पडदा म्हणजे त्याचं दार. ऑक्टोबर लागला तरी ऊन अजून मे महिन्याचा रुबाब सोडायला तयार नाही. ते आधी सिमेंटच्या फरशीवर येतं, मग बासमतीच्या पोत्यांवर चढतं, मंडळाच्या जेवणावळींसाठी घेतलेल्या पातेल्यांवर क्षणभर चमकतं आणि शेवटी मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्या हिरव्या लोखंडी कपाटापाशी येऊन थांबतं. कपाट माणसाहून उंच. दाराला जहाजाच्या सुकाणूसारखं चाक आणि त्यावर आकड्यांची बटणं.

कपाटासमोर घडीच्या खुर्चीत लहूकाका. पांढरा शर्ट, इस्त्री केलेला, घरातसुद्धा पँटीत खोचलेला. पंचाहत्तरीला टेकलेला हा माणूस फौजीचा मुलगा आहे हे त्याच्या पाठीकडे बघूनच कळावं. खुर्चीला पाठ असते हे त्या पाठीला कोणी सांगितलंच नव्हतं. फक्त श्वास तेवढा हल्ली अर्ध्यावर अडखळायचा. हृदयाने निम्मं काम सोडून दिलं होतं. डॉक्टरांनी जड उचलायचं नाही म्हणून बजावलं होतं, आणि लहूकाकांना आयुष्यात जे काही उचलावंसं वाटत होतं ते सगळंच जड होतं.

उन्हासोबत आत आली ती विनीता. वकील, पस्तिशीची, लहानपणी पुण्याहून आलेली, लग्न होऊन नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीहून डॅलसला. खांद्याला बॅग, डोक्यावर गॉगल. लहूकाकांनी तिला बोलावलं होतं ट्रस्ट करायला. ही बातमी अर्विंगच्या मराठी मंडळींत फुटली तेव्हा अनिल, लहूकाकांचा चाळीस वर्षांपासूनचा दोस्त, फोनवर म्हणाला होता, "लहू, ट्रस्ट काढतोयस? शाळा की विहार? आणि वर्गणी किती लावलीस माणशी?"

"बंदुकीचा ट्रस्ट आहे," लहूकाका म्हणाले होते.

मग अनिल म्हणाला, "मग वर्गणी घेऊच नकोस. लोक आपणहून देतील."

तर ही ती बंदूक. सरकारदरबारी नोंदलेली, जुनी, विकर्स जातीची मशीनगन. अशा बंदुकीची या देशात एकच गोष्ट पक्की असते: ज्याच्या नावावर नोंद, तोच तिचा. बायको असो, मुलगी असो, जिवाभावाचा मित्र असो, मालक जवळ नसताना ती दुसऱ्याच्या ताब्यात सापडली तर तो गुन्हा, आणि गुन्हाही साधासुधा नव्हे. यावर कायद्याने ठेवलेली वाट म्हणजे ट्रस्ट. बंदूक ट्रस्टच्या नावावर करायची, ट्रस्टला दोन-तीन विश्वस्त नेमायचे, त्या प्रत्येकाचे फोटो आणि बोटांचे ठसे सरकारला द्यायचे. मंजुरी आली की ती त्या सगळ्यांची. एक गेला तरी ती पोरकी होत नाही.

लहूकाकांना हवं होतं ते एवढंच. आपल्यामागे ती पोरकी होऊ नये.

विनीताने लॅपटॉप मांडीवर घेतला. "काका, सुरुवातीला सिंपल क्वेश्चन्स. ही सेफ कोण ओपन करतं?"

"ज्याला लागेल तो," लहूकाका म्हणाले.

विनीताची बोटं थांबली. "म्हणजे?"

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून, विंगेतून यावी तशी, चहाचा ट्रे घेऊन सुवर्णाकाकूंचा प्रवेश. काकू नागपूरच्या. कोकणातल्या माणसाशी चाळीसहून जास्त वर्षं संसार करूनही त्यांनी आपल्या बोलीतला एक शब्द सोडलेला नव्हता. "अगं, सगळ्यांचंच सोनं आहे ना त्याच्यात! इंडियाला चाललं कोणी की दागिने इथं आणून देते. ऋताच्या पाटल्या आहेत, अनिलभाऊंच्या सुनेचा हार आहे, तिकडच्या गल्लीतल्या त्या नवीन पोरीचं मंगळसूत्र आहे. बँकेत लॉकरला कोण जाईल? आपलं कपाट मजबूत."

"आणि कोड?"

"जयंतीची तारीख," काकू अभिमानाने म्हणाल्या. "चौदा एप्रिल. कोणी विसरायचा प्रश्नच नाही. मी घरी नसली तरी बायका येतात, उघडतात, आपलं आपलं घेऊन जातात."

विनीताने लॅपटॉप मिटला. डोक्यावरचा गॉगल खाली घेतला, पुन्हा वर ढकलला. "काकू, अर्ध्या अर्विंगला मशीनगनचा ॲक्सेस आहे."

"कोणी हात लावत नाही गं तिला! मीच पुसते फक्त. हे दवाखान्यात होते ना मार्चमध्ये, तेव्हा दर रविवारी मीच पुसून राहिली होती."

"ओ गॉड," विनीता म्हणाली. "काकू, प्लीज हे वाक्य पुन्हा कोणासमोर बोलू नका."

लहूकाका हसले. हसता हसता खोकला आला आणि काकूंनी सवयीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पण विनीता हसली नाही. ती गुडघ्यावर बसली, अगदी त्यांच्या खुर्चीसमोर. "काका, ऐका. उद्या तुम्हाला काही झालं आणि त्या वेळी या सेफचा नंबर काकूंना माहीत असेल, तर त्या ऑलरेडी प्रॉब्लेममध्ये आहेत. तुम्ही त्यांच्यासाठी प्रेमाने ठेवलेली वस्तू त्यांनाच अडकवेल."

हे मात्र लहूकाकांच्या ध्यानीमनी नव्हतं. आपलं घर म्हणजे सगळ्यांचं घर, आपल्या कपाटाची किल्ली म्हणजे सगळ्यांची किल्ली, हेच ते समजत आले होते. परमुलखात जगायचं तर दुसरं काय भांडवल होतं त्यांच्या पिढीकडे? एकमेकांची दारं उघडी, यावरच तर दिवस निघाले.

पण या कपाटात ती मशीनगन आली कशी, हे सांगायला प्रवेश बदलायला हवा. दिवे मंद करा. नेपथ्य: दापोलीच्या बाजूचं एक गाव, शेणाने सारवलेलं अंगण, कडेला उलटं घातलेलं घमेलं आणि घमेल्यावर आडवं ठेवलेलं भात कांडायचं मुसळ.

मुसळामागे पालथी मांडी घालून बसलेले आप्पा. लहूचे वडील. महार रेजिमेंटच्या मशीनगन पलटणीतले शिपाई. टोपीवरच्या बिल्ल्यात दोन मशीनगन एकमेकींवर आडव्या. आप्पा रजेवर यायचे ते वर्षातून एकदा, आणि आले की पहिल्या दिवशी गावातून चालत यायचे. ज्या वाटेने आज्याला पायातलं हातात घेऊन खालमानेने जावं लागलं होतं, त्या वाटेने आप्पा बूट वाजवत यायचे. घाई न करता. लहू पुढे धावत जाऊन वाटेच्या वळणावर उभा राहायचा, केवळ तो आवाज ऐकायला.

घरी बंदूक कुठली असणार? ती पलटणीची. म्हणून आप्पांनी मुसळाचीच विकर्स केली. "ही मूठ. मागं ओढ. आता पट्टा डाव्या हातानं खेच. सोड. परत ओढ, परत खेच. आता भरली." लहूची इवलीशी बोटं मुसळावर नसलेली मूठ ओढायची, नसलेला पट्टा खेचायची. वरचं झाकण कसं उघडायचं, आत गोळी झाडणारा भाग, ज्याला पलटणीत कुलूप म्हणत, तो कसा बसतो, नळीभोवती पाणी का भरतात, सगळं मुसळावर. आणि मग आप्पा दोन्ही अंगठ्यांनी हवेत कळ दाबून तोंडाने आवाज काढायचे. टकाटकाटकाटका. लांब, एका सुरात, मधेच जीभ अडकून त्यांना स्वतःलाच हसू येईपर्यंत.

"झाली का लढाई?" दारातून आई. जाईबाई. कमरेवर सूप. "मुसळ द्या हिकडं. भात कांडायचाय. दुश्मन मेला असेल तर पोरांना काय खायला घालू, दुश्मन?"

आप्पा उठून तिला सलाम ठोकायचे आणि मुसळ परत करायचे. एकदा झटापटीत ते मुसळ मधोमध तडकलं. जाईबाई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने आप्पांना नवीन मुसळ करायला लाकूड आणायला पाठवलं, आणि आप्पा बिल्ला लावलेली टोपी घालून लाकूड आणायला गेले.

आप्पांच्या पगारावर लहू शिकला. आधी शाळा, मग मुंबईत तंत्रशाळा, मग कारखाना, आणि एके दिवशी टेक्सास. विमानाचे सुटे भाग घडवणाऱ्या कंपनीत. तिथे त्याच्या शेजारच्या यंत्रावर हॉलिस होता. बायको गेलेला, बोलणं तुटक, मनाने मोकळा टेक्सन. एका शनिवारी हॉलिसने त्याला आपल्या रानातल्या घरी नेलं. कोठारात ताडपत्री ओढली आणि खाली तीच होती. तिच्या पायांवर, तोंड दाराकडे करून.

लहूने ती कधीच पाहिली नव्हती. पण त्याचे हात तिला ओळखत होते. तो तिच्यामागे पालथी मांडी घालून बसला, झाकण उघडलं, कुलूप बाहेर काढलं, परत बसवलं, मूठ ओढली, नसलेला पट्टा डाव्या हाताने खेचला, सोडला, परत ओढली. एकदाही न चुकता.

हॉलिसने टोपी मागे सरकवली. "तू आर्मीत होतास?"

"नाही," लहू म्हणाला. "आईच्या मुसळावर शिकलो."

मुसळ म्हणजे काय हे हॉलिसला समजावून सांगता सांगता दुपार झाली. पुढे लहूने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं आणि त्याच सुमारास हॉलिस रान विकून मुलीकडे राहायला निघाला. जाताना त्याने रीतसर अर्ज करून ती लहूच्या नावावर केली. आप्पा तोवर नव्हते. जाईबाई मात्र एकदाच टेक्सासला आली, तेव्हा लहूने तिला गॅरेजमध्ये आणून कपाट उघडून दाखवलं. म्हातारीने चष्मा पुसला, बारकाईने पाहिलं, आणि म्हणाली, "येवढीशीच? मला वाटलं हत्तीयेवढी असंल. हिच्यापायी माझं मुसळ मोडलान होय?" मग पदराच्या टोकाने तिने हलकेच मुठीवरची धूळ टिपली.

दिवे पुन्हा पूर्ण. आपण अर्विंगला परत.

विनीता गेली त्या संध्याकाळी कपाटाचा आकडा बदलला गेला. नवा आकडा एकट्या लहूकाकांना ठाऊक. आणि पुढच्या शनिवारी त्या घरी जे घडलं त्याला सोहळा म्हणावं की सुतक, हे जमलेल्या बायकांना ठरवता येईना. सुवर्णाकाकूंनी सगळ्यांना फोन केले होते: आपलं आपलं सोनं घेऊन जा. तर्रीपोहे केले होते, चहा तीनदा झाला. लहूकाका एकेक डबी काढून हातात देत होते आणि प्रत्येकीशी दोन शब्द बोलत होते.

"काका, आमचं काही चुकलं का?" अनिलच्या सुनेने विचारलं.

"तुमचं काही नाही. सरकारला माझ्या कपाटातली गर्दी आवडली नाही."

"मी म्हणतो, बंदूक बाहेर काढ आणि सोनं राहू दे," अनिल म्हणाला. "निदान सोन्याला तरी ट्रस्ट लागत नाही. तसाही तुझ्यावर होताच."

सगळे हसले, पण ऋता डबी पर्समध्ये टाकताना डोळे पुसत होती. इथे आल्यावर पहिल्या वर्षी, ओळखीचं कोणी नसताना, तिने आपल्या पाटल्या याच कपाटात ठेवल्या होत्या. त्या दिवसापासून तिला या गावात झोप लागायला लागली होती.

सगळे गेल्यावर काकू रिकाम्या कपबशा गोळा करत राहिल्या. बराच वेळ. मग कपाटाकडे पाठ करून म्हणाल्या, "इतकी वर्षं तुमच्यासोबत मी तिला पुसली. तुमच्या आप्पांनी तुम्हाला मुसळावर शिकवलं, तुम्ही मला खऱ्या बंदुकीवर शिकवलं. आता मलाच नंबर नाही?"

"मंजुरी येईपर्यंतच, सुवर्णा. मग तू विश्वस्त."

"आणि माझ्यामागे?"

हाच तो प्रश्न. मुलगा रवी कॅलिफोर्नियात. तिकडे अशी बंदूक घरात ठेवायला बंदी. उरली उपासना. ती डॅलसलाच होती, वीस मिनिटांवर. लहान मुलांच्या इस्पितळात, आणीबाणीच्या कक्षात परिचारिका. तिला लहूकाकांनी दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा तिने नकारार्थी मान हलवली होती.

विनीता मसुदा घेऊन आली त्या दिवशी उपासना ड्यूटी संपवून तशीच आली होती, निळ्या कपड्यांत, केस वर बांधलेले. जेवणाच्या टेबलाशी चौघं बसली. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्याखाली आप्पांचा टोपीतला फोटो.

"बाबा, आय टोल्ड यू," उपासना म्हणाली. "मी साइन करणार नाही. बुद्धाच्या घरात मशीनगन! तुम्ही मला लहानपणी मुंगी मारू दिली नाहीत."

"घरात नाही गं, गॅरेजमध्ये," लहूकाका म्हणाले.

"बाबा, हे फनी नाही." तिचा आवाज खाली आला. "गेल्या आठवड्यात सहा वर्षांचा मुलगा आणला. घरातल्याच गनने. भावाच्या हातून. मी त्याच्या आईला बाहेरच्या खोलीत घेऊन बसले होते. यू वॉन्ट मी टू ओन वन?"

काकूंनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. लहूकाकांनी मान डोलावली. युक्तिवाद त्यांच्याकडे होता, तयार होता, रात्री झोप नसताना त्यांनी तो घोळवलाही होता: ही तशी बंदूक नाही, हिने आपलं घर उभं केलं, हिच्या जोरावर आप्पा त्या वाटेने बूट वाजवत आले. पण त्या मुलाची आई त्यांना डोळ्यांसमोर दिसली आणि त्यांनी तो युक्तिवाद गिळून टाकला.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "विनीता, हिचं नाव काढ. सुवर्णानंतर काय ते लिही."

विनीता वाचू लागली. सुवर्णाकाकूंच्या पश्चात, पुढचा विश्वस्त नसल्यास, ट्रस्टतर्फे ती वस्तू कायद्याने पात्र असलेल्या कोणासही विकण्यात यावी.

"कोणासही म्हणजे?" उपासनाने विचारलं.

"एनीवन एलिजिबल," विनीता म्हणाली. "टेक्सासमध्ये आहोत. लाइन लागेल. शूटिंग रेंजवाले असतात, पैसे घेऊन लोकांना फायर करायला देतात. बर्थडे पार्टीज होतात तिथे."

उपासनाने ग्लास उचलला, पाणी न पिता खाली ठेवला. वडिलांकडे वळली. "बाबा, तुम्ही ती किती वेळा चालवली आहे?"

"एकदा."

"खरं सांगा."

"एकदाच. हॉलिसच्या रानात. ती माझ्या नावावर झाली त्या दिवशी. त्याने पट्टा भरून दिला, म्हणाला, चालव, तुझी आहे." लहूकाका थांबले. श्वास घेतला. "मी कळ दाबली. आणि तो आवाज... तो आप्पांचा नव्हता गं. आप्पा अंगणात तोंडाने काढायचे ना, तसा नव्हताच. जमीन हादरली, कान बंद झाले, समोरचं झुडूप होतं ते नाहीसं झालं. तेव्हा कळलं की आप्पा आम्हाला हसवत होते. खरं काय ते त्यांनी आमच्यापर्यंत कधी येऊ दिलं नाही. मी पट्टा काढून हॉलिसला परत दिला. दुसरा पट्टा या घरात आला नाही. गोळी आली नाही. नाही तर मला त्यांचा आवाज आठवणार कसा?"

उपासना बघत राहिली. रविवारी बाबा गॅरेजचं दार लावून बंदुकीशी बसतात आणि महिन्यातून कधीतरी रानात जाऊन ती चालवतात, असंच ती लहानपणापासून समजत आली होती. विचारलं कधी नव्हतं. ज्याला विरोध असतो त्याच्याबद्दल माणूस फारसं विचारत नाही.

"विनीता," ती म्हणाली, "मी ट्रस्टी झाले तर विकायचं की नाही ते मी ठरवू शकते?"

"येस. तू आणि काकू. नंतर तू एकटी."

"आणि गोळी कधीच आणायची नाही, कोणीच चालवायची नाही, असं लिहू शकतो?"

"ट्रस्टमध्ये अट घालता येते. पण पाळायला ट्रस्टी लागतो ना. कागद काय पाळणार?"

"मग घाल माझं नाव."

"मनापासून?" लहूकाकांनी विचारलं.

"नो," उपासना म्हणाली. "पण घाल. बर्थडे पार्टीला नाही जाणार ती."

"बापावर गेली आहे," काकू म्हणाल्या. "राजी नसली तरी ड्यूटी करते."

मग विनीताने ट्रस्टचं नाव विचारलं. आप्पांचं नाव घाला, असं काकूंचं म्हणणं पडलं. बंदूक त्यांची म्हणूनच तर आली. लहूकाकांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं.

"आप्पांच्या नावावर पलटण होती," ते म्हणाले. "बिल्ला होता, पेन्शन होती, गावातलं घर होतं. आईच्या नावावर कधी काही झालंच नाही. एक मुसळ होतं, ते आम्ही मोडलं. लिही: जाईबाई ट्रस्ट."

विनीताने लिहिलं. इंग्रजी अक्षरांत ते नाव जरा परकं दिसलं, पण दिसलं.

ठसे द्यायला गेले ते एका किराणा दुकानाला लागून असलेल्या छोट्याशा कार्यालयात. भिंतीपलीकडून गरम समोशांचा वास येत होता. यंत्राच्या काचेवर लहूकाकांची बोटं ठेवली तर पडद्यावर काहीच उमटेना. जन्मभर लोखंड घासून बोटांवरच्या रेषा गुळगुळीत झाल्या होत्या. तिथल्या मुलीने त्यांच्या हाताला लोशन चोळलं, पुन्हा लावून पाहिलं, तिसऱ्यांदा कुठे धूसर वळणं आली. काकूंची तर त्याहून कठीण.

"भाकऱ्या," काकू यंत्राला समजावल्यासारखं म्हणाल्या. "आणि भांडी."

उपासनाचे ठसे पहिल्या खेपेलाच लख्ख उमटले. लहूकाका पडद्यावरची ती वळणं बघत राहिले, पोरीचा निकाल बघावा तसे. "छान आलेत," ते म्हणाले, आणि तिथल्या मुलीनेही मान डोलावली, भाषा कळत नसताना.

थंडीचे दिवस वाट बघण्यात गेले. लहूकाकांचा श्वास आणखी आखूड झाला. गॅरेजपर्यंत जायला मधे एकदा बसावं लागे. तरी रविवारी ते जात. कपाट उघडत, काकू आणि उपासना दूर दारात उभ्या राहत, विनीताने आखून दिलेल्या रेषेच्या पलीकडे; अर्जात ज्यांची नावं त्यांनी मंजुरीआधी हात न लावलेला बरा, हा तिचा जादा सावधपणा. अनिल येऊन बंदूक उचलून कामाच्या बाकावर ठेवी. लहूकाका तिथेच असल्याने ते चालत होतं, असं विनीताने दोनदा सांगितल्यावरच तो हात लावायला धजला होता. "लग्नातल्या अंतरपाटासारखं चाललंय," तो म्हणे. "बायका तिकडे, नवरी इकडे."

मंजुरी आली ती फेब्रुवारीच्या अखेरीला. रस्त्याकडेची पेअरची झाडं नुकती पांढरी झाली होती. विनीताचा फोन आला आणि काकूंनी पहिलं काम काय केलं तर गॅरेजमध्ये जाऊन नवऱ्याकडून आकडा विचारून घेतला आणि स्वतःच्या हाताने कपाट उघडलं. आत सोनं नव्हतं. ती एकटीच होती. "ये बाई," काकू तिला म्हणाल्या, आणि फडकं शोधायला लागल्या.

त्या रविवारी उपासनाने पहिल्यांदा तिला हात लावला. येताना इस्पितळातले हातमोजे आणले होते. लहूकाकांनी ते काढायला लावले. "तिला माणसाचा हात कळतो," ते म्हणाले. मग झाकण कसं उघडायचं, कुलूप कसं काढायचं, सळईला फ्लॅनेलचं फडकं गुंडाळून नळीतून कसं ओढायचं, एकेक सांगत गेले. उपासना चुकत होती, ते दुरुस्त करत होते.

"तेल जास्त झालं. आपण वडे तळतोय का?"

"बाबा, दुसरीकडून ओढू?"

"मागून. नेहमी मागून. आणि घाई नको, आज कुठे आणीबाणी नाही."

दारात काकू उभ्या होत्या, कमरेवर हात ठेवून. बाहेर कोणाच्या तरी अंगणात गवत कापायचं यंत्र सुरू होतं. उपासनाने मूठ मागे ओढली, सोडली, आणि कुठून कोण जाणे, वडिलांकडे बघत हळूच तोंडाने तो आवाज काढला. टकाटकाटका. मधेच जीभ अडकली. लहूकाका इतके हसले की काकू धावत आल्या.

त्यानंतर ते दमले. चेहरा घामेजला होता, पण समाधानी. बाकाला धरून ते स्टुलावरून उठले.

त्या दुपारी झोपेतच ते गेले. पुढे लोक भेटायला आले तेव्हा ज्याला त्याला जाणून घ्यायचं होतं, शेवटी काही म्हणाले का? आप्पांचं नाव घेतलं का, काही संदेश दिला का? अनिल तर म्हणाला, लहू असा मुकाट्याने जाणारा नव्हे, काहीतरी बोललाच असेल. काकू सगळ्यांना खरं तेच सांगत राहिल्या, काही न वाढवता. बाकापासून उठताना त्यांनी आपली जागा उपासनाला दाखवली होती आणि म्हणाले होते:

"बस तू इथं. स्टूल जरा डुगडुगतं, सांभाळून. मी आत जाऊन पडतो थोडा वेळ."